भूमिकाग्रहण आणि मराठी क्रियापद : मीड यांच्या मांडणीचा पुनर्विचार

बालकाच्या सामाजीकरणाची चर्चा आपल्याकडे बहुधा जॉर्ज हर्बर्ट मीड यांच्यापासून सुरू होते. त्यांच्या निधनानंतर १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माइंड, सेल्फ अँड सोसायटी’ या ग्रंथानुसार मूल प्रथम आई, शिक्षक, पोलीस अशी एकेक भूमिका खेळते. पुढे बेसबॉलसारख्या नियमबद्ध खेळातून सर्वांच्या अपेक्षा एकाच वेळी ध्यानात घेऊ लागते. भातुकलीला हे सूत्र लावण्याचा मोह आपण क्वचितच आवरतो.

मराठी भाषक बालकाच्या संदर्भात मात्र हा क्रम अपुरा वाटतो. मीड यांच्या इंग्रजीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांना एकच वाक्य पुरते. प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरात मुलगी ‘मी जातो’ म्हणाली की कोणीतरी हसत ‘जातो नाही, जाते म्हण’ असे सुचविते. दुरुस्ती व्याकरणाची असते. मुलीच्या पदरात पडते ती ओळख, आणि तीही भातुकली मांडण्यापूर्वी. भाषा शिकणे व समाजाचा घटक होणे या प्रक्रिया वेगळ्या काढता येत नाहीत, हे एलिनॉर ऑक्स व बँबी शिफलिन यांचे १९८४ मधील प्रतिपादन येथे अधिक उपयोगी ठरते.

अर्थात व्याकरणालाच सर्व श्रेय देता येणार नाही. कोल्हापूर परिसरातील बोलीत मुली स्वतःविषयी सहज ‘मी जातो’ म्हणतात. म्हणून त्यांच्या वाट्याचा केरवारा चुकत नाही. अधिक बोलकी आहे ती लाडातील विषमता. रांगत्या वयात ‘लेकरू झोपलं’ हे नपुंसकलिंग दोघांनाही लाभते. पुढे मुलीला कौतुकाने ‘आलास का रे बाळा’ म्हटले जाते, मुलाला मात्र स्त्रीत्व भेटते ते ‘मुलीसारखा काय रडतोस’ या टोमण्यातून. आई बाबांना ‘अहो’ म्हणते व बाबा आईला ‘अगं’ म्हणतात, अशा घरातील मुलांना पदांची उतरंड वेगळी शिकवावी लागत नाही.

मीड यांचे खरे सामर्थ्य जाणवते ते अन्यत्र. भातुकलीत आई झालेला मुलगा ‘मी पोळ्या करते’ असे बिनचूक म्हणतो. म्हणजे बहिणीचे क्रियापद त्यालाही पूर्ण अवगत असते. खेळ मोडताच तो ‘करतो’वर परततो. हे परतणे त्याने कोणाच्या हसण्यातून आत्मसात केले, हा प्रश्न मीड यांच्या मांडणीत अनुत्तरितच राहतो.