दाह आणि अर्बुद : एका समीकरणाची चिकित्सा

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी असलेले पोफळी हे गाव आज कोयनेच्या वीजगृहामुळे सर्वांस ठाऊक आहे. परंतु पोफळी म्हणजे सुपारीचे झाड, हे कोकणच्या माणसास सांगावयास नको. या झाडाचे फळ हातावर चोळले असता फोड येत नाही. तरीही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात सुपारीची गणना मनुष्यास कर्करोगजनक ठरलेल्या पदार्थांत केली आहे. उलट वईला लावलेल्या शेराचा चीक, बिब्ब्याचे तेल किंवा काजूच्या टरफलातील तेल अंगास लागताच त्वचा भाजून निघते. जे भाजते तेच पुढे गाठ उत्पन्न करते, असे समीकरण आपल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत वारंवार आढळते. ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या समीकरणाचे मूळ जमालगोट्याच्या तेलात आहे. १९४७ साली बेरेनब्लूम व शुबिक यांनी उंदराच्या त्वचेवर कर्कजनक द्रव्याची एकच अल्प मात्रा लावून नंतर हे तेल पुनःपुन्हा लावले, तेव्हा अर्बुदे उद्भवली. पहिली क्रिया प्रारंभन, दुसरी प्रवर्तन. पुढे हायडेलबर्ग येथे हेकर यांनी या तेलातून फॉरबॉलची एस्टरे वेगळी केली. हे करताना उंदराच्या कानावर येणारी लाली हीच त्यांची वाटाड्या होती. शोधाचे साधनच पुढे शोधाचा निष्कर्ष समजले गेले, असा माझा तर्क आहे. वास्तविक या एस्टरांचे मर्म निशिझुका व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविले: पेशीतील प्रोटीन कायनेज-सी या विकराला ती चेतवितात. दाह हा त्या क्रियेचा एक परिणाम होय. प्रवर्तनाचे माप नव्हे.

मोरोक्कोतील एका शेरवर्गीय झाडातील रेझिनिफेराटॉक्सिन अतिशय दाहक आहे, परंतु ते मिरचीतील तिखट द्रव्याप्रमाणे वेदनाग्राहीवर कार्य करते. फॉरबॉलासारखे प्रवर्तन ते करीत नाही. सामोआ बेटांतील झाडातून मिळालेले प्रोस्ट्राटिन तर कायनेज-सीलाच बांधले जाते, आणि तरीही प्रवर्तक नाही.

बिब्ब्याची गोष्ट आणखी निराळी. त्याचा दाह मुख्यतः विलंबित अधिहर्षतेचा असतो. धोब्याच्या खुणेमुळे अमेरिकन सैनिकांना झालेल्या त्वचादाहाचे वर्णन १९४३ सालचे आहे. याच बिब्ब्याच्या अर्काची कर्करोगविरोधी गुणांसाठी चाचणी गोठोसकर व कमल रणदिवे यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. यावरून बिब्बा औषध ठरतो असे मात्र कोणी समजू नये.

काजूविषयी अधिक सावधपणे बोलावयास हवे. बॅनर्जी व राव यांनी १९९२ मध्ये डीएमबीएने प्रारंभित उंदराच्या त्वचेवर टरफलाच्या तेलाची प्रवर्तक क्रिया नोंदविली. हा निबंध महत्त्वाचा. पण त्याचे वाचन करताना आपण दोन गोष्टी विसरतो. उंदराची त्वचा प्रवर्तनास मनुष्याच्या त्वचेहून फार लवकर वश होते, ही एक. दुसरी अशी की, टरफले फोडणाऱ्या बाईच्या हातावर कोणी डीएमबीए लावीत नाही. एवढ्यावरून निश्चिंत होणारे मात्र घाई करतात. बिया भाजताना उठणाऱ्या धुरात बहुचक्रीय हायड्रोकार्बने असतात, आणि डीएमबीए हे त्याच कुळातील. प्रारंभक व प्रवर्तक येथे एकाच छपराखाली नांदू शकतात. शिवाय प्रवर्तनास सातत्य लागते. दोन लेपांतील अंतर पुष्कळ वाढविले तर अर्बुदे येत नाहीत, हे उंदरांत दिसून आले आहे. हंगामभर रोज तेलात बुडालेले हात आणि एखाद्या दिवशी भाजलेले बोट यांत म्हणूनच मोठा भेद आहे. हाताला राख चोळून बसणारी बाई फोड टाळते, तेव्हा ती संपर्कही कमी करीत असते. मात्र धुरावर राखेचा उपाय नाही. फोडांची नुसती मोजदाद करणाऱ्या अभ्यासकास भट्टीपासूनचे अंतर व कामाचे महिनेही लिहून घ्यावे लागतील.