युरोपच्या वाऱ्या : सयाजीरावांची चरित्रे जे सांगत नाहीत

मालेगाव तालुक्यातील कौळाणे हे गाव (जुन्या लिखाणात कवळाणे असेही आढळते) आम्हा नाशिककरांच्या अभिमानाचा विषय. १८६३ साली तेथे जन्मलेला गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्याला गेला आणि तिसरा सयाजीराव झाला. बारा वर्षांच्या त्या मुलाला तोवर अक्षरओळख नव्हती, हा तपशील प्रत्येक चरित्रकार चवीने सांगतो. याच मुलाने पुढे इंग्लंडमध्ये टेनिसन या कवीचे घर विकत घेतले. ससेक्समधील ‘आल्डवर्थ’ हे ते घर. टेनिसन तेथेच १८९२ मध्ये वारला. ही गोष्ट मात्र चरित्रांत एखाद्या ओळीपुरती येते, किंवा येतही नाही. पाटीपेन्सिलीचे कौतुक करणाऱ्यांना या घराचे काय करावे, हे उमगत नसावे.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच संकोच आहे. सयाजीराव वीसहून अधिक वेळा परदेशी गेले आणि त्यांतील बहुतेक वेळा युरोपात. या प्रवासांविषयी आपल्याकडे दोनच स्पष्टीकरणे चालत आली. पहिले प्रकृतीचे. १८८७ च्या पहिल्या प्रवासाला निद्रानाशाचे निमित्त होते आणि ते खरेही होते. दुसरे अभ्यासाचे : महाराजांनी तिकडे जे चांगले पाहिले ते बडोद्यात आणले. हेही खोटे नाही. फिलिप सार्जंट (१९२८) आणि स्टॅन्ली राइस (१९३१) या इंग्रज चरित्रकारांपासून आजच्या मराठी लेखकांपर्यंत या दोन खांबांवरच मांडव उभा आहे. एखादा माणूस एका परक्या प्रदेशात पुन्हापुन्हा जातो, कारण तेथे त्याला बरे वाटते, त्या प्रदेशावर त्याचा जीव आहे, हे तिसरे आणि सर्वांत साधे कारण कोणी मांडत नाही.

न मांडण्याला इतिहास आहे. १९०० साली लॉर्ड कर्झनच्या सरकारने संस्थानिकांच्या परदेशवास्तव्याविषयी परिपत्रक काढले. राजाने वारंवार राज्याबाहेर राहणे ही कर्तव्याची पूर्तता नसून कर्तव्यात कसूर आहे, असा त्याचा रोख होता. जाण्यापूर्वी सरकारची परवानगीही हवी होती. परिपत्रक निघाले तेव्हा सयाजीराव युरोपातच होते आणि ते आपल्यालाच उद्देशून आहे, हे त्यांनी ओळखले. तेव्हापासून त्यांच्या प्रवासांची चर्चा आरोप आणि बचाव याच भाषेत होत आली. सरकार म्हणाले, हा गैरहजर राजा. आपण म्हणालो, नाही हो, हा अभ्यासू राजा. आरोपीच्या वकिलाने अशिलाचा आनंद कबूल करायचा नसतो. आमचे चरित्रकार गेली शंभर वर्षे वकिलीच करीत आहेत.

पण हा बचाव एका ठिकाणी अडखळतो, आणि तेथे थांबायला हवे. १८९९–१९०० हा छप्पनिया दुष्काळाचा काळ. बडोदे राज्याला त्याची भयंकर झळ लागली. महाराज स्वतः दुष्काळी भागात हिंडले; त्या दौऱ्याच्या टिपणांचे पुस्तक १९०१ मध्ये निघाले आणि ते आजही वाचण्यासारखे आहे. कोरड्या विहिरी पाहणारा हाच राजा १९०० च्या उन्हाळ्यात युरोपला निघाला. बरोबर महाराणी आणि मुले होती. चरित्रांत दुष्काळाचे प्रकरण वेगळे आणि युरोपचे प्रकरण वेगळे असते. मध्ये कोरे पान. कर्झनचा हेतू साम्राज्याचा होता यात शंका नाही, पण त्याच वर्षी एखाद्या रयतेनेही तोच प्रश्न विचारला असता, तर ‘अभ्यास’ हे उत्तर पुरले असते का? मला नाही वाटत. महाराजांच्या आनंदाची किंमत कोण देत होते, हे विचारायचे तर आधी तो आनंद होता हे मान्य करावे लागते. आपण त्याला औषध किंवा शिक्षण म्हणत राहिलो, की तो प्रश्नच उरत नाही.

स्वतः महाराजांनी या वादात एक लेख लिहिला. तो १९०१ साली लंडनच्या ‘नाइन्टीन्थ सेंच्युरी अँड आफ्टर’ या मासिकात आला. त्याच्या इंग्रजी शीर्षकाचा आशय असा : युरोपातील आणि हिंदुस्थानातील माझी रीत आणि माझे दिवस. परिपत्रकाच्या पाठोपाठ, राजधानीतल्या वाचकांपुढे, युरोपचे नाव आधी आणि हिंदुस्थानचे नंतर. मजकुराइतकाच हा क्रम बोलका आहे. आणि शब्द पाहा : ‘दिवस’. प्रवास नव्हे, दौरा नव्हे. दिवस घालवले जातात ते राहत्या ठिकाणी.

पाहायला जाणे आणि राहायला जाणे यांतला हा फरक १९०६ आणि १९१० च्या प्रवासांत उघड दिसतो. १९०६ मध्ये महाराज अमेरिकेला गेले. १९१० मध्ये चीन, जपान करून पुन्हा अमेरिकेत आणि तेथून युरोपात. या दोन्ही वेळच्या अमेरिकेविषयी चरित्रांत भरभरून मजकूर सापडतो : शाळा, उद्योगशिक्षण, ग्रंथालये. विल्यम बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल १९१० मध्येच बडोद्यात आले आणि त्यांनी फिरत्या ग्रंथपेट्यांसह गावोगावच्या वाचनालयांची घडी बसवली. आमच्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, तेव्हा बडोद्याच्या या कामाविषयी आम्हाला विशेष जवळीक वाटते, हे जाता जाता. पण त्या प्रवासांचा शेवट वाचा. अमेरिका पाहून झाली, महाराज युरोपात आले, आणि चरित्रकाराची लेखणी एकदम आटते. ‘काही काळ विश्रांती घेतली.’ संपले. यादी करण्यासारखे तेथे काही घडत नाही, म्हणून पान रिकामे. मला ते रिकामे पानच पुरावा वाटते. ज्या देशाचा अभ्यास करायचा त्याची टिपणे निघतात; ज्या देशात परत आल्यावर हायसे वाटते त्याची निघत नाहीत.

दोष एकट्या चरित्रकारांचा नाही. आपले प्रवासवर्णन हा प्रकारच पहिल्या भेटीवर पोसलेला आहे. पंडिता रमाबाईंच्या अमेरिकेवरच्या पुस्तकापासून (१८८९) पुलंच्या ‘अपूर्वाई’पर्यंत (१९६०) सारा भर नवलावर, पुलंनी तर ते शीर्षकातच सांगून टाकले. दुसऱ्यांदा, पाचव्यांदा, विसाव्यांदा गेलेल्या माणसाने काय लिहावे? ‘परतणे’ हे क्रियापद आपण मायदेशासाठी राखून ठेवले आहे. परदेशी शहराला पुस्तकाच्या नावातच ‘माझं’ म्हणण्याचे धाडस मीना प्रभूंच्या ‘माझं लंडन’ने केले, तेव्हा सयाजीरावांच्या मृत्यूला पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. गंमत अशी, की या अनुभवाला लागणारा शब्द आपल्याकडे पूर्वीपासून आहे : वारी. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दरवर्षी त्र्यंबकला चालत जाणाऱ्याला ‘यंदा नवीन काय पाहिलंत?’ असे कोणी विचारीत नाही.

वारकऱ्याला परवानगीही लागत नाही; येथे मात्र उपमा संपते. सयाजीरावांना ती मागावी लागे. युरोपातल्या हिंदी क्रांतिकारकांशी त्यांचे संधान असावे, या संशयाने ब्रिटिश अधिकारी त्यांच्यावर नजरही ठेवीत. दुसऱ्या बाजूने, ज्यांना त्यांनी शिष्यवृत्ती देऊन परदेशी धाडले त्यांच्याकडून परत येण्याचा करार लिहून घेतला जाई. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचे मान्य केले होते. म्हणजे विद्यार्थ्याचे परतणे कागदावर बांधलेले, राजाचे मात्र त्याच्या मर्जीवर. आणि त्या मर्जीलाही वरून लगाम. या तिढ्यात ‘मला तेथे आवडते’ एवढे साधे वाक्य कोणाला उच्चारता आले असते?

यावर लिहायचे तर साधने कमी नाहीत. महाराजांची भाषणे आणि पत्रे आता खंडरूपाने उपलब्ध होत आहेत. १८८९ पासून त्यांच्या सेवेत असलेले आणि त्यांच्याबरोबर परदेशी गेलेले रियासतकार सरदेसाई यांनी सहवासाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. एडवर्ड वीडन या इंग्रज पाद्र्याने १९११ मध्ये, पाहुणा म्हणून बडोद्यात काढलेल्या वर्षाचे पुस्तक प्रसिद्ध केले. मात्र वाचताना मुक्काम किती झाले हे न मोजता प्रत्येक मुक्काम किती लांबला, हे मोजावे. महाराज एकदाच कोठे गेले आणि पुन्हापुन्हा कोठे, अशा दोन याद्या कराव्यात. पहिली यादी चरित्रकारांनी करूनच ठेवली आहे. दुसरीची सुरुवात मी आल्डवर्थपासून करीन : त्या घराचे कागद कोणाच्या नावे होते, वर्षातून किती दिवस त्याच्या खिडक्या उघडल्या जात, आणि महाराज येणार अशी तार आली की तेथे कोणती खोली आधी झाडून ठेवीत.