कुलूप-किल्लीच्या उपमेची मर्यादा

विकर आणि ज्यावर त्याची क्रिया होते तो पदार्थ यांच्या संबंधास एमिल फिशर याने १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली. जळगाव-धुळ्याकडील विद्यार्थ्यास विकराची पहिली ओळख आजही बहुधा याच उपमेने होते. उपमा सुबोध आहे. परंतु पेशीतील संदेशवहन करणाऱ्या विकरांस ती लावू गेल्यास केवळ अपुरी न ठरता दिशाभूल करणारी ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कुलपाची घडण स्थिर असते. संदेशवाहक विकराचे कार्य मात्र क्रिया करणे एवढेच नसून, योग्य वेळ येईतो ती न करणे हेही होय. 'सार्क' हे विकर इतर प्रथिनांतील टायरोसिनास फॉस्फेट जोडते. १९९७ मध्ये उलगडलेल्या त्याच्या रचनेवरून असे दिसते की, त्याच्या शेपटाकडील टायरोसिनावर फॉस्फेट असताना ते शेपूट त्याच रेणूच्या दुसऱ्या खंडास चिकटते व रेणू आवळला जातो. कुलपाच्या तोंडात काहीही घातलेले नसते. पकड पाठीमागे बसते आणि क्रियास्थान बिघडते. कोंबड्यांत अर्बुद उत्पन्न करणाऱ्या राउस विषाणूच्या 'सार्क'मध्ये शेपटाचा हा टायरोसिन नाही. म्हणून ते विकर अनिर्बंध चालू राहते. कोशलंड याने १९५८ मध्ये कुलूप लवचिक मानले हे खरे. परंतु त्याच्या कल्पनेत आकार बदलतो तो किल्लीच्या स्पर्शाने, दुसऱ्याच्या आज्ञेने नव्हे.

ही चर्चा केवळ शब्दांची नाही. मानवी शरीरात या जातीची पाचशेहून अधिक विकरे असून, चालू अवस्थेत त्यांची क्रियास्थाने पुष्कळशी सारखी दिसतात. बंद अवस्थेत मात्र ती परस्परांहून अधिक वेगळी असतात. रक्ताच्या एका कर्करोगावर २००१ पासून वापरात असलेले इमॅटिनिब 'एबल' या विकराच्या बंद रूपासच धरते. एकच स्थिर कुलूप कल्पिणाऱ्या विद्यार्थ्यास या औषधाची निवडकता उमगणे कठीण.

'विकर' या शब्दात विकार घडविणारा, हा कर्तृवाचक अर्थ जाणवतो; कर्ता स्वतःही विकार पावतो, हे त्यात येत नाही. १९६१ मध्ये मोनो व जाकोब यांनी रूढ केलेल्या 'अ‍ॅलोस्टेरिक' या संज्ञेच्या ग्रीक घटकांत 'अन्य' आणि 'घन आकार' हे अर्थ आहेत. तिचे भाषांतर 'अन्यस्थानी' असे केल्यास स्थान राहील, पण आकार हरवेल. 'अन्यरूपी' अधिक योग्य वाटते.

उपमाच हवी असेल तर पांझरेकाठच्या फडपद्धतीची घ्यावी. पाण्याची आज्ञा शेतात होत नाही. पाटकरी दूर पाटावर दार उघडतो. तथापि येथे पाटकरी व दार वेगळे आहेत, प्रथिनात ते एकाच रेणूचे अवयव. उपमा कोठे तुटते हे सांगितल्यावाचून ती शिकवू नये.