लहान केलेले सैन्य

ऐतिहासिक लढायांवरचे संगणक-खेळ मुले तासन्‌तास खेळतात आणि यातून इतिहास कळतो, असे वर आपल्यालाच सांगतात. 'रोम: टोटल वॉर' (२००४) हा त्यांतला नावाजलेला खेळ. तो बाजारात येण्याआधीच, २००३ मध्ये, बीबीसीने 'टाइम कमांडर्स' या मालिकेत जुन्या लढाया पडद्यावर उभ्या करण्यासाठी त्याची आज्ञावली वापरली होती. तेव्हा मुलांचे म्हणणे अगदीच पोकळ नसावे. आम्ही हा खेळ खेळलो, आणि विज्ञानातली एखादी प्रतिकृती तपासावी तसा तपासला.

व्यूहरचनेत तो चांगला उतरतो. फॅलँक्स ही लांब भाल्यांची फळी समोरून जवळजवळ अभेद्य असते. पण तिला वळायला वेळ लागतो आणि बाजूने घोडदळ आले की ती कोसळते. 'एज ऑफ एम्पायर्स-२' (१९९९) मध्ये असे काही नाही. तिथे रांग करा की चौकोन करा, सैनिकाची शक्ती तेवढीच राहते. शिवाय मूळ खेळात कमाल लोकसंख्या २००, आणि तीत लाकूडतोडेही मोजायचे!

'रोम'ची खरी अडचण संख्येत आहे. इ.स.पू. २१६ मधली कॅनीची लढाई घ्या. पॉलिबियसच्या मते रोमन पायदळ सुमारे ८०,००० होते. खेळात एका सेनेत जास्तीत जास्त २० तुकड्या असतात. सर्वांत मोठे माप निवडले तरी रोमन पायदळाच्या तुकडीत सुमारे १६० माणसे, म्हणजे सगळे मिळून ३,२००. सैन्य २५ पटींनी लहान झाले. दोन्ही बाजू त्याच प्रमाणात लहान केल्या तर काय बिघडले, असे कोणी विचारील.

समजा, १०० × १०० असा १०,००० सैनिकांचा चौरस आहे. त्याच्या कडेवर ३९६ जण, म्हणजे सुमारे ४ टक्के. आता तो २५ पटींनी लहान करा. २० × २० मध्ये ४०० सैनिक, पैकी कडेवर ७६, म्हणजे १९ टक्के. मुंगी आणि हत्ती यांच्या आकारमानाचा जो धडा आपण वर्गात शिकवतो, तोच हा. कॅनीला रोमन नेहमीपेक्षा दाट आणि खोल उभे होते. हॅनिबलने त्यांना वेढले तेव्हा बहुतेकांचा शत्रूपर्यंत हातच पोचत नव्हता. वेढ्याचे सामर्थ्य आतल्या या निकामी गर्दीत होते, आणि लहान सैन्यात ती गर्दीच उरत नाही.

तरीही खेळात वेढलेली बाजू हरते. कारण पाठीवर हल्ला झाला की तुकडीचे मनोबल झपाट्याने घसरावे, अशी योजना आहे. माणसे खचतात हे खरेच. पण गर्दीचे कामही मनोबलाकडूनच करून घेतले आहे. उत्तर बरोबर, रीत चुकीची. अशा उत्तराला आपण किती गुण देतो?

प्रत्येक सैनिक वेगळा दाखवायचा, तर त्या काळच्या यंत्रांना मर्यादा होती हे मान्य. पण टेबलावरच्या युद्धखेळांत एक बाहुले वीस-पंचवीस माणसांचे म्हणून धरण्याची पद्धत जुनीच आहे. तसा हिशेब पडद्यामागे ठेवता आला असता. देखण्या चिलखतांवर इतके श्रम घेणाऱ्यांना ते सुचले नसेल, असे आम्हांला वाटत नाही.