पाट्या उतरवून इतिहास कळत नाही

शाळेची सहल नागपूरला गेली की अजब बंगला ठरलेलाच. १८६३ साली सुरू झालेलं हे मध्यवर्ती संग्रहालय म्हणजे आपल्या विदर्भाचा ठेवा. पण अशा ठिकाणी आपली मुलं करतात काय? रांगेनं चालतात, पाट्या वहीत उतरवतात नि गाडीत येऊन बसतात. 'वस्तू दाखवून इतिहास शिकवला' असं आपण म्हणतो. माझा आक्षेप या पद्धतीला आहे.

गुंगेरियाचा साठा घ्या. बालाघाट जिल्ह्यातल्या या गावी १८७० साली गुरं चारणाऱ्या पोट्ट्यांना जमिनीत धातू दिसला. खणलं तर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले! त्यातला काही भाग नागपूरला आहे, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. 'तांब्याची कुऱ्हाड' एवढंच वाचून मूल पुढं जाईल. पण मास्तरांनी विचारलं, की एवढं तांबं एकाच जागी कोणी पुरलं? व्यापाऱ्याचा माल होता, की देवाला वाहिलेलं? धार वापरून झिजली आहे का? मग ते मूल काचेला नाक लावून बघेल. आणि 'यातला वाटा लंडनला कसा गेला?' असं विचारलं, की त्याच कुऱ्हाडीतून इंग्रजी अमलाचा धडा सुरू होतो. यातल्या काही प्रश्नांवर अभ्यासकांचंही एकमत नाही. ते मुलांपुढं बोलायला कचरू नये.

दुसरं टोकही वाईट. जुनी तलवार दिसली की ती थेट एखाद्या सरदाराची ठरवायची! ती कुठं सापडली, हे कोणी सांगितलं, कशावरून, हे विचारायचंच नाही. ही भक्ती झाली, अभ्यास नव्हे.

नागपूर दूर पडत असेल तर शेंदूरजनाघाटातल्या घरातली पायली वर्गात आणा. १९५८ पासून दशमान मापं टप्प्याटप्प्यानं आली आणि शेर-पायली व्यवहारातून मागं पडली. मुलांनी आजीला विचारावं: मजुरीची ज्वारी पायलीनं मोजताना शीग लावायचे, की काठाशी सपाट करायचे? हात कोणाचा असायचा, मालकाचा की मजुराचा? मालक-मजुराचं नातं त्या शिगेत दिसतं, आणि ते कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही. ते सांगणारी माणसं आता थोडी उरलीत.

म्हणून शिक्षकांना विनंती एवढीच: पुढच्या सहलीत सगळी दालनं पालथी घालू नका. तीनच वस्तू निवडा, आणि प्रत्येकीपुढं अर्धा तास बसा.