मंगळावरील भाषा : फ्लुर्न्वा यांच्या ग्रंथाचा भाषाशास्त्रीय विचार

मृतांशी संभाषण घडवून आणणाऱ्या माध्यमांविषयी आपल्याकडील चर्चा बहुधा श्रद्धा आणि उपहास या दोन टोकांतच अडकते. प्लँचेट फिरले की फिरविले, एवढाच प्रश्न उरतो. भाषेच्या अभ्यासकास या वादात बोलण्याचा खरा अधिकार पोचतो तो एकाच ठिकाणी : माध्यम स्वतःस अवगत नसलेली भाषा बोलते, असा दावा असेल तेथे. मृताने सांगितलेली घरगुती खूण पडताळणे अवघड असते; भाषेचे तसे नाही. या दृष्टीने थेओदोर फ्लुर्न्वा यांचा १९०० सालचा ‘हिंदुस्थानापासून मंगळ ग्रहापर्यंत’ हा फ्रेंच ग्रंथ आजही वाचनीय आहे.

फ्लुर्न्वा हे जिनीव्हा येथे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. १८९४ च्या अखेरीपासून ते एका माध्यमाच्या बैठकांना उपस्थित राहू लागले. ग्रंथात तिला एलेन स्मिथ हे टोपणनाव दिले आहे. ती एका व्यापारी पेढीत नोकरी करी आणि बैठकांबद्दल पैसे घेत नसे; म्हणून ‘पोटासाठी केलेली लबाडी’ हा सोपा खुलासा येथे उपयोगी पडत नाही. नोव्हेंबर १८९४ मधील एका बैठकीत तिला मंगळाचे दर्शन झाले आणि तेथे, बैठकीस हजर असलेल्या एका बाईचा दिवंगत तरुण मुलगा दिसला. पुढे १८९६ मध्ये हा मुलगा आईशी बोलू लागला, परंतु मंगळाच्या भाषेत. फ्रेंच तो जणू विसरला होता. मुलाचे शब्द कानी पडावेत आणि त्यांतील एकही कळू नये, यापरता क्रूर प्रसंग मला या ग्रंथात दुसरा आढळला नाही. काही महिन्यांनी तोच मुलगा ‘एसनाल’ या नावाने दुभाषाचे काम करू लागला.

त्याच्या भाषांतरांमुळेच या भाषेची परीक्षा शक्य झाली. फ्लुर्न्वांना असे आढळले की, मंगळाच्या वाक्यातील प्रत्येक शब्दाखाली फ्रेंच शब्द लिहीत गेले असता क्रम कोठेही बदलत नाही. बारा शब्दांचे वाक्य असेल तर खाली नेमके बारा फ्रेंच शब्द. फ्रेंचमध्ये ‘चा’ या अर्थाचे अव्यय आणि पुल्लिंगी उपपद यांचा संधी होऊन ‘द्यू’ असे एकच रूप होते. मंगळावरही त्या जागी ‘ते’ हा एकच शब्द. फार काय, प्रश्नार्थक वाक्यात क्रियापद व सर्वनाम यांमध्ये फ्रेंच भाषक केवळ उच्चारसौकर्यासाठी ‘त’ घालतो. मंगळवासी तेथेच ‘म’ घालतो! इतकी तंतोतंत समानता शेजारच्या भाषांतही असत नाही. मराठीत ते वाक्य आणावयाचे तर क्रियापद शेवटी न्यावे लागेल, आणि ‘जो–तो’ची जोडी जुळवावी लागेल. ग्रहांतर झाले तरी वाक्यरचना जिनीव्हातच राहिली होती. त्या आईला जे कळले नाही ते तिच्याच मातृभाषेचे व्याकरण होते. बदलले होते ते फक्त शब्द.

येथवर फ्लुर्न्वांचे विवेचन निरुत्तर करणारे आहे. त्यांच्या पद्धतीवर मात्र एक आक्षेप घेणे प्राप्त आहे. १८९८ मध्ये त्यांनी हे साम्य एलेनला बोलून दाखविले, आणि लवकरच ‘मंगळापलीकडील’ दुसरी भाषा अवतरली. तिचा शब्दक्रम मात्र फ्रेंचसारखा नव्हता. यावरून एलेनच्या सुप्त मनाची कल्पकता दिसते हे खरे. पण येथे परीक्षक स्वतःच सहलेखक झाला, हे त्यांनी अधिक ठळकपणे सांगावयास हवे होते.

मराठी वाचकाचे कुतूहल जागृत होईल ते ‘हिंदू’ प्रकरणात. पूर्वजन्मी आपण कानडा प्रांतातील शिवरुक नायक नामक राजाची राणी ‘सिमंदिनी’ होतो, असे एलेन सांगे. शिवलीलामृताचे पारायण होणाऱ्या घरांत हे नाव ऐकताच सीमंतिनी आठवेल. राजा, त्याचा चंद्रगिरी किल्ला आणि १४०१ हे साल, हे सारे फ्लुर्न्वांना द मार्लेस यांच्या १८२८ सालच्या हिंदुस्थानच्या इतिहासात सापडले; त्याच्या प्रती जिनीव्हातील ग्रंथालयांतच होत्या. राणी बोले ती भाषा संस्कृतसदृश. कानडा प्रांतातील अंतःपुरात कन्नड किंवा तुळू का नसावी, हा प्रश्न कोणाही दाक्षिणात्यास सुचेल.

ही भाषा फेर्दिनां द सोस्यूर यांनी तपासली. त्यांचा संयम अनुकरणीय आहे. काही तुकडे अर्थपूर्ण, पुष्कळसे निरर्थक, परंतु संस्कृतशी विसंगत असेही काही नाही, असा त्यांचा अभिप्राय. संस्कृतात नसलेला दंतोष्ठ्य ‘फ़’ येथेही नाही, हे त्यांनी नोंदविले आणि ते कोडे म्हणून तसेच ठेवले. पॅरिसचे संस्कृत प्राध्यापक व्हिक्तोर आंरी यांना तेवढ्याने समाधान नव्हते. ‘फ्रेंच’ हा शब्दच ‘फ़’ने आरंभतो, म्हणून माध्यमाच्या मनाने तो वर्ण टाळला, असे त्यांचे म्हणणे. १९०१ च्या आपल्या पुस्तकात तर त्यांनी मंगळाच्या शब्दांच्या व्युत्पत्ती फ्रेंच, जर्मन, हंगेरियन अशा अनेक भाषांतून लावल्या. एलेनचे वडील हंगेरियन होते, एवढा आधार त्यास आहे. पण चार-पाच भाषांचे कोश हाताशी असता आणि वर्णांची उलथापालथ मान्य असता कोणत्या शब्दाची व्युत्पत्ती लागणार नाही? कोणता पुरावा मिळाला असता हा तर्क चुकीचा ठरला असता, हे आंरी सांगत नाहीत. माध्यमाच्या दाव्यास आपण जी कसोटी लावतो, तीच त्याच्या खंडनासही लावली पाहिजे. वाक्यरचनेचा पुरावा त्या कसोटीस उतरतो, कारण एकच विपरीत क्रम तो उलथून पाडू शकला असता. आंरींच्या व्युत्पत्ती उतरत नाहीत.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर एलेनने फ्लुर्न्वांशी संबंध तोडले. त्यांनी तिला कोठेही खोटारडी म्हटलेले नाही. विस्मृत वाचन व ऐकीव गोष्टी स्वप्नावस्थेत नव्या रूपाने प्रकट होतात, एवढेच त्यांचे प्रतिपादन होते. तिला ते आरोपाहून अधिक जिव्हारी लागले असावे. पुढे ती धार्मिक चित्रे काढीत राहिली, आणि १९२९ मध्ये निवर्तली.