नावाविना राहिलेले हात

सेंट फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनासाठी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून गोव्यास जाणारी कुटुंबे बॉम जेझू बॅसिलिकेतून बाहेर पडतात आणि परतीची गाडी गाठतात. जवळच्याच टेकडीवरील सांता मोनिका मठातले ख्रिस्ती कला संग्रहालय बहुधा राहून जाते. 1994 साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झालेले हे संग्रहालय 2002 मध्ये या मठात आले. मठ 1606 ते 1627 या काळात धर्मभगिनींसाठी उभारलेला. चर्चमधून, कपेलांतून आणि घराघरांतून जमविलेल्या चांदीच्या, हस्तिदंताच्या, लाकडाच्या वस्तू व जरतारी मिस्सावस्त्रे एकत्र मांडून तीन शतकांची श्रद्धा डोळ्यांपुढे उभी करावी, असा हा मोठा संकल्प आहे, आणि तो पुष्कळ अंशी सफल झाला आहे.

येथील चांदीच्या पेलिकन पक्ष्यापाशी आम्ही फार वेळ रेंगाळलो. स्वतःच्या रक्तावर पिल्ले पोसणारा हा पक्षी म्हणजे ख्रिस्ताचे जुने प्रतीक. पवित्र साक्रामेंत ठेवण्याची पेटी आणि त्याचे दर्शनपात्र, दोन्ही कामे ही एकच वस्तू करी. गोव्यात घडलेल्या हस्तिदंती 'उत्तम मेंढपाळा'चे रूप तर आणखी विलक्षण. बाळ येशू डोळे मिटून उंच खडकावर बसला आहे. खांद्यावर कोकरू, पायाशी झरा, खाली गुहेत मग्दालिया मरिया. दंत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा, कथा शुभवर्तमानाची, पण ती मिटलेल्या डोळ्यांची शांती ध्यानस्थ बुद्धाच्या ओळखीची!

आमची तक्रार येथूनच सुरू होते. अशा कलेला अभ्यासक 'इंडो-पोर्तुगीज' म्हणतात. या जोडनावात दोन देश मावतात, कारागीर मावत नाही. दाता कोण, मठ कोणता, शतक कोणते, हे सांगता येते. घडविणाऱ्याचे नाव जवळजवळ कधीच सांगता येत नाही. 1567 च्या गोव्यातील पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजावस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. मनाई करावी लागली, याचाच अर्थ काम त्यांच्या हातून होत होते. आणि पुढेही होत राहिले. ही गोष्ट दालनाच्या कोपऱ्यात नव्हे, प्रवेशद्वारापाशी सांगायला हवी होती. ती कळल्यावाचून त्या मिटलेल्या डोळ्यांचा उलगडा होत नाही.

हा प्रश्न केवळ गोव्याचा नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरा व भिल्ल स्त्रियांच्या अंगावरील चांदी पाहावी. ती घडविणारे सोनार आपल्याच बाजारपेठेत बसतात. आपल्या किती वेदींवर त्यांच्या हातचा एखादा चषक आहे? आपण शहरातून प्लास्टरची मरिया आणतो, गोरी, गुलाबी गालांची, साच्यातून निघालेली. पावसाळ्यात तिचा रंग उडतो. मग पुढच्या वर्षी तशीच दुसरी आणण्यासाठी वर्गणी गोळा होते.